एकाच कडेला खळ

सिव्हिल लाइन्समधल्या ह्या ग्रंथालयात
एकतीस वर्षं मी कायदे चिकटवले.
लोकांना वाटतं, कायदा सभागृहात होतो.
होत असेल. माझ्याकडे तो टपालाने यायचा,
कागदाच्या बोटभर पट्टीवर,
सोबत चिठ्ठी: पान चारशे बारा, ओळ सात,
"करू शकेल" ऐवजी "करील" वाचावे.
मी वाचायची. मग चिकटवायची.
"शकेल" पट्टीखाली गेला की कुठेतरी
कोणी सुटायचं, कोणी अडकायचं,
मला कधी कळलं नाही कोण.

खळ मैद्याची, चिमूटभर मोरचूद घातलेली,
किडीला कायद्याची चव लागू नये म्हणून.
हे हेडाऊ बाबूंनी शिकवलं. बाइंडर, गोळीबार चौकातले,
घरचा माग विकला नि पुस्तकं शिवायला लागले.
म्हणायचे, "घाई नको करू वो बाई,
पट्टी वाकडी बसली तं जजसाहेबाची मान वाकडी होते."

अकरा खंड. देशाचा सगळा कायदा
आणि प्रत्येकाच्या शेपटीला, बारीक टायपात, त्याचा इतिहास:
कोणी केला, कोणी मोडला.
मधल्या काळात कोण वाकलं, त्याला टाइप पुरला नसावा.
नकाशावरून उठून गेलेला मध्यप्रांत व वऱ्हाड
पाचव्या खंडात अजून शेतसारा वसूल करतो.

पण मे महिना.
कूलरची टाकी दुपारी दोनलाच कोरडी,
शेहेचाळीस अंशात खळ तडकते
आणि पट्ट्या सुटतात.
खंड उघडावा तर पापुद्रा मांडीवर पडतो
नि खालून मेलेला कायदा वर बघतो.
उजेड न लागल्यामुळे
त्याचीच शाई सगळ्यात काळी.

कोर्टाला सुट्टी, मोठे वकील चिखलदऱ्याला.
तेव्हा ती आली. सनद मिळून दोन महिने.
रजिस्टरात लिहिलं, ॲड. सोनतारा भोसले.
पत्त्याच्या रकान्यात पेन जरा थांबलं,
मग ठसठशीत: बेडा, उमरेडच्या पुढे.

"खंड तिसरा. सी."
"नवी आवृत्ती आलीये," मी म्हटलं.
"पाहिली. तिच्यात चार ओळी आहेत. जुनी द्या."

क्रिमिनल ट्राइब्ज.
वर माझीच पट्टी: रद्द, १९५२.
एका कोपऱ्यावर कशीबशी तग धरून.
तिने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली.
पट्टी उचलली.

खाली हजेरी. खाली पास. खाली बोटांचे ठसे.
खाली जमातींची नावं, दोन रकान्यांत, अक्षरानुक्रमे,
दुकानदाराने माल मांडावा तशी नीट.
तिचं बोट खाली उतरत गेलं नि एका ठिकाणी थांबलं.
रडली वगैरे नाही. वही काढली, उतरवून घेतलं,
स्वल्पविरामसुद्धा.

मग म्हणाली, कोणाला असं नाही,
"आमचा आजा रोज रात्री पाटलाच्या ओट्यावर हजेरीला जाये.
बावन्ननंतरही सहा वर्षं गेला.
रद्द झालं हे त्याले कोणी सांगतलंच नाही."

सहा वर्षं.
माझ्या हातात खळीची वाटी होती.
मी नोकरीला लागण्याच्या कितीतरी आधीची गोष्ट,
तरी वाटी खाली ठेवावीशी वाटेना, धरवेनाही.

ती गेल्यावर पट्टी परत लावली,
पण खळ एकाच कडेला.
आता ती दारासारखी उघडते.

जुने खंड सोमवारी रद्दीत, किलोच्या भावाने.
माणूस येऊन वजन करून गेला. दहा भरले.
अकरावा कुठाय, सेक्रेटरींनी विचारलं.
मी रजिस्टर पुढे केलं:
खंड तिसरा, बाइंडिंगला दिला. हेडाऊ.

हेडाऊ बाबूंना जाऊन नऊ वर्षं झाली.
एकतीस वर्षांत चुकीची नोंद
मी ही एकच केली,
आणि तिच्यावर पट्टी लावणार नाही.